प्रश्नचिन्ह आणि पावसातली ती गाडी
‘वो कौन थी?’ या हिंदी चित्रपटाच्या शीर्षकातले प्रश्नचिन्ह लिहिताना गाळले तरी चालते, हे इथल्या चर्चेत आधी मांडलेले मत मला मान्य नाही. त्या नावाचा तो भागच आहे, त्यामुळे ते अवतरणाच्या आतच हवे. विरामचिन्हे मराठीची मूळची नव्हेत हे मात्र खरे, कारण ती रूढ करण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते.

दिग्दर्शक राज खोसलांच्या या १९६४ च्या कृष्णधवल चित्रपटाची नायिका साधना आणि संगीतकार मदन मोहन यांच्याविषयी इथे भरभरून लिहिले गेले, पण फिल्मफेअर मिळवणारे छायालेखक के. एच. कापडिया राहूनच गेले. भर पावसात पांढऱ्या साडीतली ती स्त्री गाडीत बसते, वायपर बंद पडतात आणि समोरचे काहीच न दिसणाऱ्या डॉक्टरला ती रस्ता सांगत जाते, तेव्हाचा तो अंधार रंगीत चित्रणात साधला असता असे मला वाटत नाही.