मदत हवी आहे: आजीच्या पाटल्यांच्या सोन्यातून हिऱ्याची अंगठी

नमस्कार मंडळी. आजीच्या 22 कॅरेटच्या पाटल्या आटवून, तिच्याच चमकीतला हिरा बसवून ताईसाठी अंगठी घडवून घेतेय. स्टुडिओने कॅडवर, म्हणजे संगणकावर, डिझाइन करून मेणाचा नमुना दाखवला. फार सुरेख उतरलाय, फक्त हिरा धरणाऱ्या नख्या मला बारीक वाटतात. ते म्हणतात, 22 कॅरेट मऊ पडतं, हिरा घट्ट राहायला 18 कॅरेट, म्हणजे 750 (हजारात 750 भाग शुद्ध सोनं) घ्या. पटतंय. पण ओतकामात आजीचंच सोनं जाईल याची खात्री कशी करायची? आटणी समोर करून देतात का? आटवताना वजनात घट किती धरतात? आणि नख्या मेणातच जाड करून घ्याव्यात, की ओतल्यावर जडणारा कारागीर बघतो? ज्यांनी जुनं सोनं देऊन अशी अंगठी केलीय त्यांनी कृपया सांगा, सोमवारी नमुना ओतायला जाणार आहे.