शुगर रोज घरी तपासता का? मला वैताग आलाय

गोडघाशी:
टाइप २ डायबेटिस आहे हे कळून दीड वर्ष झालं, फक्त मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. लेकाने ग्लुकोमीटर आणून दिलाय आणि रोज सकाळी त्याचा फोन, आई आज किती? १२४ आली तर सांगते, १६० आली तर १३० सांगते (हसू नका). टोचून बोटं दुखतात ते वेगळंच, पण आकडा बघितला की प्रगतिपुस्तक हातात पडल्यासारखं होतं, रात्री काय खाल्लं ते आठवत बसते. डॉक्टर माझी वही उघडतही नाहीत, एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) बघतात आणि गोळी लिहून देतात. मग टोचायचं कशाला?

ठेचाप्रेमी:
ताई, नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा खाली पडत नाही, त्यामुळे मला डॉक्टरांनीच सांगितलं रोज नको. मी आठवड्यातून एखाद दिवस जोडीने बघतो, जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी. एकादशीला साबुदाणा खिचडीआधी ११८, नंतर २३१! पुढच्या एकादशीला खिचडी अर्धी वाटी आणि सोबत दही, तर १७६. स्ट्रिपा काही फुकट येत नाहीत, मग त्यातून काहीतरी कळलं तरी पाहिजे ना.

लालपरी:
इन्सुलिनवाल्यांनी हे वाचून मीटर कपाटात ठेवू नका हं. मला टाइप १ आहे, २२ वर्षं झाली, दिवसाला चार-पाचदा टोचते. मागे एसटीत घाम फुटला, मला वाटलं उकाडा, मीटर काढला तर ५८. ७० च्या खाली म्हणजे आधी तीन चमचे ग्लुकोज तोंडात, मग पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्यांचीही शुगर अशी पडू शकते बरं का. मला आकड्याची भीती नाही वाटत, आकडा नसला की वाटते.

बाठा:
बोटाच्या कडेला टोचा, मधे नको, कमी दुखतं. आणि हात धुवा! मी आंबा चिरून तसंच तपासलं तर २९०, घरात रडारड, हात धुवून परत बघितलं तर १५२. मीटर १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे दाखवू शकतंच, १२४ काय नि १३५ काय.

गोडघाशी:
बाठा, हसून मेले. डॉक्टरांना विचारते आता, रोज नको म्हणाले तर लेकाचा सकाळचा फोन बंद. रविवारी पुरणपोळी आहे, आधीची आणि नंतरची दोन्ही बघणार. खरा आकडा इथे टाकेन, त्याला नाही.