शहापूरजवळ सरकारी जमिनीवर ऑफ-रोड ट्रॅक: हरकत-सूचना नेमकी कुठे द्यायची?

मुलुंडकर_फोरबायफोर:
शहापूर तालुक्यात महामार्गापासून आत एका माळावर जीप आणि बाइकसाठी ऑफ-रोड ट्रॅक करायचं घाटतंय. जमीन काही गुरचरण (गायरान), काही वनखात्याची, मधून जुनी गाडीवाट जाते. ट्रॅकला विरोध नाही, पण आखलेली वाट दोनदा ओढ्याच्या पात्रातून जाते, ती बदलायला हवी. हे सांगायची कायदेशीर जागा कुठली? आणि गावचे मतदार नसलेल्या मुंबईकरांचं म्हणणं कोणी ऐकून घेईल का? शिवाय तिथे यूटीव्ही (ऑफ-रोडसाठीच्या छोट्या चारचाकी गाड्या) भाड्याने देणार म्हणतात, त्याचं काय?

सातबारा_आधी:
आधी गट नंबर काढा. "सरकारी जमीन" म्हणून कुठलाच अर्ज पुढे सरकत नाही, कारण तुमच्या एका वाटेवर तीन वेगळे मालक आणि तीन वेगळे कायदे आहेत. सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर आणि नकाशा महाभूनकाशावर मिळेल. "इतर हक्क" हा रकाना नीट वाचा, राखीव वनाची नोंद बऱ्याचदा तिथेच दडलेली असते.

गुरचरण निघालं तर तेवढ्या भागाचा विषय जवळपास मिटतो. १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयानुसार आणि जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २२-अ नुसार गायरान खासगी व्यक्तीला किंवा संस्थेला सहसा देता येत नाही. ग्रामपंचायतीचा ठराव असला तरी नाही. ठराव आणि मंजुरी एकच, असं धरून चालणं ही इथली सर्रास होणारी चूक.

गाडीवाट गाव नकाशावर कशी दाखवली आहे तेही बघा. पायमार्ग असेल तर त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात, आणि थारसारखी गाडीच सहा फूट रुंद. समोरून बैलगाडी आली की दोघांपैकी एकाला शेतात उतरावं लागणार, म्हणजे बांध फुटणार. भांडण तिथूनच सुरू होतं.

कार्यआयोजना:
वनजमिनीचं मी सांगतो. वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम १९८० च्या कलम २ खाली वनेतर वापराला केंद्राची पूर्वपरवानगी लागते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर कार्य आयोजनेत (वनखात्याच्या त्या जंगलासाठीच्या व्यवस्थापन आराखड्यात) समाविष्ट असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सुविधांना त्यातून सूट आहे. म्हणून खरी लढाई कार्य आयोजनेच्या मसुद्यावर असते. ती साधारण दहा वर्षांसाठी होते. एकदा ट्रॅक त्यात "पर्यटन" म्हणून बसला, की पुढे हरकतीला फारशी जागा उरत नाही. उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. "ट्रॅकची माहिती द्या" असं लिहू नका. "अमुक कक्ष क्रमांकातील पर्यटनविषयक प्रस्ताव, त्याचा नकाशा आणि स्थळपाहणी अहवाल यांच्या प्रती" असं लिहा (कक्ष म्हणजे वनखात्याने जंगलाचे पाडलेले क्रमांकित भाग). पहिल्या प्रकारच्या अर्जाला "माहिती अस्पष्ट" हे ठरलेलं उत्तर येतं.

शहापूर अनुसूचित क्षेत्रात आहे, म्हणजे पेसा (अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू. पाड्याची वेगळी ग्रामसभा असेल तर पंचायतीच्या ठरावावर भागत नाही. सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर त्या जंगलाच्या रक्षणाचा अधिकार वनहक्क कायद्याच्या कलम ५ खाली ग्रामसभेकडे आहे. त्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. कोरम नसताना झालेला ठराव कोणाच्याही बाजूचा असो, पुढे उडतो. मुंबईकरांना मत नाही, पण लेखी म्हणणं ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) देऊन पोच घेता येते. २६ जानेवारी, १ मे असल्या तारखा धरून बसू नका, त्या दिवशी विषयांचा ढीग असतो आणि तुमचा विषय "आयत्या वेळी" मध्ये जातो.

आणि तानसा अभयारण्याभोवतालचा पर्यावरण-संवेदनशील पट्टा लागतो का, ते तपासा. अशा पट्ट्याच्या मसुदा अधिसूचनेवर हरकतीला ६० दिवस असतात आणि तिथे देशातला कोणीही लिहू शकतो. मुदत राजपत्राची प्रत लोकांना उपलब्ध झाल्यापासून मोजतात. पेपरात बातमी आली त्या दिवसापासून मोजणारे उशिरा पोचतात.

उतार_आणि_चर:
यंत्रणा कळली, आता मजकूर. "निसर्गाची हानी होईल" हे वाक्य फाइलमध्ये मरतं. अमेरिकेत १९७२ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने सार्वजनिक जमिनीवरच्या अशा वाटांसाठी कसोट्या घातल्या: माती, पाणलोट आणि झाडोऱ्याचं नुकसान कमीत कमी, वन्यप्राण्यांना त्रास कमीत कमी, इतर वापरणाऱ्यांशी तंटा कमीत कमी. वाटा ठरवताना लोकांना सहभागी करून घेण्याचंही त्यात होतं. २००५ च्या तिथल्या वनसेवेच्या नियमाने उलटा क्रम लावला: नकाशावर खुली दाखवलेली वाट तेवढीच खुली, बाकी सगळं बंद. कसोट्या उसन्या घ्यायला हरकत नाही. कायदा म्हणून त्यांचा दाखला मात्र देऊ नका, साहेब हसतील.

प्रत्येक मुद्दा वाटेवरच्या अंतराने लिहा. उदाहरणार्थ: "सुरुवातीपासून ४०० मीटरवर वाट थेट उताराच्या दिशेने खाली ओढ्यात जाते." मग कारण: चाकाच्या दोन चाकोऱ्या पावसाळ्यात दोन नाल्या होतात, पाणी त्यातूनच पळतं, मुरूम धुपून खालच्या डोहात बसतो, आणि चालक खड्डा टाळायला बाजूने नवी वाट काढतात. काही पावसाळ्यांत वाट रुंद होत जाते. मग पर्याय: वाट उताराला आडवी घ्या, तिचा चढ त्या डोंगरउताराच्या निम्म्याहून कमी ठेवा, पाणी बाहेर काढायला तिरपे बांध घाला, ओढा एकाच जागी, दगडी तळ असेल तिथे, काटकोनात ओलांडा. जून ते ऑक्टोबर बंद. सोबत प्रत्येक जागेचा अक्षांश-रेखांश असलेला फोटो जोडा, त्यात चराशेजारी टेप धरलेली असावी. नुसता हिरवागार फोटो काही सिद्ध करत नाही.

पासिंगवाला:
यूटीव्हीचं उत्तर राहिलं. मोटार वाहन कायद्यात "सार्वजनिक ठिकाण" म्हणजे लोकांना जायचा हक्क असलेली कुठलीही जागा, डांबरी रस्ताच हवा असं नाही. तिथे नोंदणी आणि विमा लागतो. फक्त कुंपणबंद आवारातच वापरायला बनवलेलं खास प्रकारचं वाहन "मोटार वाहन" या व्याख्येतून वगळलेलं आहे. म्हणजे पासिंग (आरटीओची नोंदणी) नसलेली यूटीव्ही गाडीवाटेवर आली की बेकायदा, आणि अपघात झाला तर भरपाईला विमाच नाही. हरकतीत हे वेगळ्या परिच्छेदात लिहा आणि प्रत आरटीओला द्या.

मुलुंडकर_फोरबायफोर:
सातबारे काढले. ओढ्याची दोन्ही ओलांडणं गुरचरणात आहेत.

सातबारा_आधी:
मग पत्र तहसीलदारांना, प्रत गटविकास अधिकाऱ्यांना. कलम २२-अ पहिल्याच ओळीत घ्या, ओढा दुसऱ्या परिच्छेदात. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.