न्यू इंग्लंड ॲस्टर: ‘ओलसर कुरण’ म्हणजे नेमकं किती ओलं?

काटेरिंगणी: उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातला हा न्यू इंग्लंड ॲस्टर, एक रानटी, बहुवर्षायू फुलझाड. अधिवास म्हणून सगळीकडे ‘ओलसर कुरण’ एवढंच लिहिलेलं सापडतं. म्हणजे दलदलीत चालतो का? फुलं येईपर्यंत खालची पानं वाळून जातात, तो रोग समजायचा का? आणि बी पेरलं तर शंभरातलं जेमतेम पाच-सात उगवतं. चुकतंय कुठे?

गवताळ: दलदल नाही. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये, इतपत ओल. ओढ्याच्या काठाचा चढ, प्रेअरीतला (तिकडच्या गवताळ मैदानातला) सखल भाग, रस्त्याकडेचा चर, पडीक शेत, झुडपांची कड अशा जागी पिवळ्या फुलांच्या गोल्डनरॉडच्या सोबतीने तो उभा असतो. पाणी साचून राहतं तिथे त्याचा भाईबंद, पर्पल-स्टेम्ड (जांभळ्या खोडाचा) ॲस्टर वरचढ ठरतो. ओलीइतकंच ऊन महत्त्वाचं. कुरणात झाडं माजली, सावली धरली की हा हळूहळू हटतो. वणवा किंवा कापणीमुळे जागा उघडी राहिली तर टिकतो.

खालची पानं वाळणं हा बहुतेक वेळा स्वभावच. दाट ठोंब, त्यात उन्हाळ्यात ओल तुटली की आधी बुडखा उघडा पडतो. रानात भोवतालचं गवत ते झाकतं, म्हणून नजरेत येत नाही. पानांवर पांढरी पूड दिसली तर मात्र तो भुरी हा बुरशीचा रोग. ठोंब विरळ करा, वारा खेळू द्या.

बिंबपुष्प: आधी ओळख पक्की करा, कारण १७५३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने ‘ॲस्टर’ या प्रजातीत घातलेली ही जात आता सिम्फिओट्रायकम नोवी-अँग्लिई या नावाने लावली जाते आणि जुन्या-नव्या नावांत घोळ होतो. पानाचा तळ दोन्ही बाजूंनी खोडाला कवटाळतो. फुलाखालची हिरवी छदं बोटाला चिकट लागतात, कारण त्यांवर ग्रंथींचे केस असतात. दिसायला जवळच्या न्यूयॉर्क ॲस्टरला हा चिकटपणा नसतो.

रोपवाटप: बियांचं उत्तर बहुधा ‘पोचट’. हा ॲस्टर स्वतःच्या परागाने जवळजवळ फळत नाही. एकाच ठोंबाची फुटवे काढून केलेली दहा रोपं असली तरी ती एकच झाड. बीवरची म्हातारी (उडणारा केसांचा झुबका) छान फुलते, पण खालचा दाणा चपटा, रिकामा. नखाने दाबून बघा. भरलेला दाणा टणक लागतो.

भरलेलं बी ओल्या वाळूत मिसळून फ्रिजमध्ये ४ अंशांवर ६० दिवस ठेवा. वाळू ओली हवी, निथळती नको, नाहीतर बुरशी धरते. मग मातीवर नुसतं पसरून दाबा. उजेड लागतो, खोल गाडलं की गेलं. २० अंशांच्या आसपास दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात.

काटेरिंगणी: बी एकाच ठोंबाचंच होतं. उंची पाच फुटांवर जाऊन झाड आडवं पडतं, त्याला काय?

रोपवाटप: खत बंद करा, भारी खताने खोड लुसलुशीत होतं. जूनमध्ये खोडांचा वरचा एक तृतीयांश भाग खुडा. त्यानंतर उशीर केलात तर कळ्याच खुडल्या जातील. आणि शेजारी दुसऱ्या बियाण्यातून आलेला ठोंब लावा, म्हणजे बीही भरेल.