लॉबीतल्या टँकचा पंप रात्री कोण बंद करतंय?

ए-३०४: लॉबीतल्या माशांच्या टँकमध्ये समुद्रफुलाचे (सी ॲनिमोनीचे) अर्धे टेंटॅकल्स, म्हणजे त्याच्या मऊ भुजा, वेव्हमेकरच्या (पाणी हलवणाऱ्या पंपाच्या) जाळीत गेलेत. पाणी दुधाळ झालंय. प्लग मी काढलाय, कोणीही परत लावू नका प्लीज. आणि रात्री पंप बंद कोण करतं ते कळेल का?

सी-७०२: कोण म्हणजे काय ताई, सगळ्यांना माहितीये 😄

बी-१०१: माझं नाव घ्यायचं तर सरळ घ्या. माझ्या बेडरूमच्या भिंतीला लागून तो टँक, रात्रभर घर्रर्र चालू असतं. मीटिंगमध्ये बोललो होतो, मिनिट्समध्ये आहे, म्हणून वॉचमनला रात्री बंद आणि सकाळी चालू करायला सांगितलं. चोरून काही केलेलं नाही.

सेक्रेटरी: काका, तुम्हाला कोणी काही बोललेलं नाही 🙏 टँकवाल्याला मेसेज टाकलाय, संध्याकाळी येतो म्हणाला.

ए-३०४: संध्याकाळपर्यंत उशीर होईल. काका, तुमच्या झोपेबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तो प्राणी आहे आणि तो चालतो. खाली पायासारखा भाग असतो त्यावर सरकत जातो, उजेड किंवा प्रवाह मानवला नाही की जागा सोडतो. रात्री पाणी निपचित, हा निघाला, पंपावर जाऊन बसला आणि सकाळी बटण दाबलं तसा आत ओढला गेला. चालू पंपातही ओढला जाऊ शकतो, म्हणून पहिल्या दिवसापासून सांगतेय की पंपाच्या तोंडाला स्पंजचं कव्हर लावा.

डी-२०३: मग पंपच काढून टाका ना. समुद्रात कुठे पंप असतो.

ए-६०१: समुद्रात लाटा असतात दादा. पाणी हललं नाही तर ऑक्सिजन मिसळत नाही, त्यात खारं आणि कोमट पाणी, त्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो. मासेही जातील.

बी-५०२: ते चावतं म्हणे, खरं का? मुलं हात घालतात.

ए-३०४: काकू, चावत नाही, डंख मारतं. काही जातींचा चांगलाच झोंबतो. मुलांना हात घालू देऊ नका, त्यांच्यासाठी आणि त्याच्यासाठीही.

सी-७०२: समुद्रफूल पायाने फिरतंय आणि आपली लिफ्ट जागची हलत नाही 🤣

डी-२०३: लिफ्टचं बोललात ते बरं केलंत. कमिटीला टँकसाठी वेळ आहे, लिफ्टसाठी नाही.

सेक्रेटरी: लिफ्टवर कालच सविस्तर लिहिलंय, कृपया वर बघावे. कमिटीतले लोक पण नोकरी सांभाळूनच हे करतात.

ए-३०४: लिफ्ट नंतर. स्पंजचं कव्हर, प्लीज.

ए-६०१: मी खाली आलोय. कोणी ओढायला जाऊ नका, ओढलं की पाय फाटतो आणि मग वाचणं कठीण. पंप पाण्यातच ठेवून पुढची जाळी फिरवून काढतोय, म्हणजे तो स्वतः सुटेल. मग थोडं पाणी बदलू, फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन टाकू आणि अमोनिया टेस्ट करू. चिरडलेल्या तुकड्यांनी आणि डंखाच्या पेशींनी पाणी बिघडतं, क्लाउनफिशला तोच धोका आहे.

बी-५०२: वाचेल ना रे?

ए-६०१: काकू, हा बबल टिप आहे, ही जात स्वतःचे दोन भाग करून दोन्ही वाढवते, त्यामुळे पाय आणि तोंड शाबूत असेल तर आशा आहे. तोंड उघडंच राहिलं, अंग विरघळायला लागलं, वास आला तर मात्र लगेच बाहेर काढावा लागेल.

ए-३०४: नीट सांभाळलं तर हे प्राणी किती जगतात बघा, स्कॉटलंडमध्ये १८२८ साली समुद्रातून आणलेलं एक १८८७ पर्यंत जगलं, साध्या काचेच्या बरणीत.

डी-२०३: बरणीत! म्हणजे पंपाशिवाय. मी काय म्हणत होतो.

ए-३०४: त्याचं पाणी माणसं बदलत होती दादा, आणि ती थंड समुद्रातली वेगळी जात होती. आपल्याकडे बादल्या कोण उचलणार, तुम्ही?

डी-२०३: टोमणे नकोत. मी फक्त मत मांडलं.

ए-६०१: सुटला. पाय शाबूत आहे, एका बाजूचे टेंटॅकल्स गेलेत. अजून एक, हीटर उघडाच टँकमध्ये आहे, यावर चढला तर भाजेल. हीटर खालच्या संपमध्ये (फिल्टरच्या टाकीत) घ्या, नाहीतर त्याला गार्ड लावा. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी खाली जातं त्या फटींनाही जाळी लागेल. आणि काका, आवाजाचं म्हणाल तर इंपेलरवर (पंपातल्या फिरत्या पात्यावर) चुन्याचा थर बसलाय, कधी साफ केलेला दिसत नाही. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून धुतला की बराच फरक पडेल.

बी-१०१: म्हणजे मी इतके महिने ओरडत होतो तेव्हा पंप उघडून बघावा असं कोणालाच सुचलं नाही. वा. आणि आज आरोपी मी.

सेक्रेटरी: काका, आरोपी कोणीच नाही 🙏 टँकवाल्याला विचारतो.

ए-३०४: काका, तुमची तक्रार रास्त होती. रात्री शांतता हवी असेल तर स्पीड कमी करता येणारा डीसी पंप घेऊ, पण पूर्ण बंद नको. आणि स्पंज. जाड भोकांचा, पूर्ण तोंड झाकणारा. तो दर आठवड्याला टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळून धुवायचा, तुंबला तर प्रवाह पडतो आणि पंप तापतो. म्हणजे लावून विसरून चालणार नाही, धुणारी माणसं हवीत. एक नाव माझं धरा.

सी-७०२: 👍

ए-३०४: 👍 म्हणजे धुणार का?

सी-७०२: नाही म्हणजे छान कल्पना आहे असं 😅

सेक्रेटरी: अजून एक नाव हवंय, कृपया कळवावे.

बी-१०१: शनिवारी मी धुतो. वॉचमनला प्लगला हात लावू नको म्हणून सांगतो. पण आवाज कमी झाला नाही तर पुढच्या मीटिंगमध्ये विषय परत घेणार, हे मिनिट्समध्ये लिहून ठेवा.