युनिव्हर्सिटीत ‘मल्टिकल्चरल स्टुडंट एंगेजमेंट’चा जॉब मिळतोय, नक्की काम काय असतं? घेऊ का?

चेंबूरची_चिमणी:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. उपनगरातल्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत इंटरव्ह्यू झाला आणि ऑफर आली, पोस्ट आहे को-ऑर्डिनेटर, मल्टिकल्चरल स्टुडंट एंगेजमेंट. ११ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. मी सोशिऑलॉजीत एमए, आधी मानखुर्द-गोवंडीला एका एनजीओत फील्डवर होते. जेडीमध्ये (जॉब डिस्क्रिप्शन) सगळं मोघम, ‘विविध पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना सामावून घेणे’ वगैरे, आणि इंटरव्ह्यूत डीन सरांचा पहिला प्रश्न काय तर तुम्ही फूड फेस्टिव्हल कधी ऑर्गनाइज केलाय का. दुसरा, झेंडे कुठे स्वस्त मिळतात माहितीय का. घरी बाबा म्हणतायत पोरांना नाचवायची नोकरी आहे, सोडून दे. मला काम आवडेल असं वाटतंय पण खरंच काही काम असतं का की नुसतं इव्हेंट मॅनेजमेंट? कोणी अशा सेलमध्ये असेल तर सांगा ना.

कर्जत_लोकल:
बाबांना सांग, पोरांना नाचवायचं नाही, आपणच नाचायचं असतं, या टेबलावरून त्या टेबलावर. मी दुसऱ्या एका विद्यापीठाच्या इंटरनॅशनल सेलमध्ये बरीच वर्षं आहे, त्यामुळे लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बस.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात लिहिलंय की जिथे परदेशी मुलं शिकतात तिथे त्यांच्यासाठी ऑफिस हवं, म्हणून सगळीकडे पाट्या लागल्या. पण पाटीमागचं काम जुनंच आहे. व्हिसा १८० दिवसांच्या वर असेल तर मुलाला इथे आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे, नोंदणी करावी लागते. आता अर्ज ऑनलाइन होतो, तरी त्याला आपल्याकडचं बोनाफाईड आणि राहायच्या जागेचा पुरावा लागतोच. हॉस्टेल असेल तर परदेशी माणूस राहायला आल्याचं कळवणारा फॉर्म (जुना फॉर्म सी) रेक्टरने २४ तासांत भरायचा. भाड्याने राहत असेल तर तोच फॉर्म घरमालकाने भरायचा, आणि इथेच घोडं अडतं कारण बहुतेक घरमालकांनी त्याचं नावच ऐकलेलं नसतं आणि पोलीस शब्द ऐकला की ते म्हणतात नको बाबा, दुसरं गिऱ्हाईक बघतो. मग घरमालकाच्या हॉलमध्ये बसून त्याच्या मोबाईलवर तो फॉर्म आपण भरून द्यायचा. हे कुठल्याच जेडीत नसतं.

बँकेचंही तसंच, परदेशी विद्यार्थ्याचं एनआरओ (अनिवासींसाठीचं) खातं पासपोर्ट, व्हिसा आणि ॲडमिशन लेटरवर उघडता येतं, लोकल पत्ता ३० दिवसांत दिला तरी चालतो, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. पण काउंटरवरच्या माणसाला तो माहीत नसतो. मी नियमाची प्रिंट पर्समध्येच ठेवते.

आणि नाव! हे तुला पहिल्याच महिन्यात भेटेल. आपल्या सिस्टीमला आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं, शिवाय आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आता इथिओपियाच्या मुलाला आडनावच नसतं, स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. अफगाण, इंडोनेशियन मुलांत तर एकेरी नाव असलेले पण असतात. फॉर्म म्हणतो आडनाव कंपल्सरी, त्याशिवाय सबमिट होत नाही, मग क्लार्क बिचारा पटकन तेच नाव दोनदा टाकतो किंवा नुसता डॉट टाकतो. ते हॉल तिकिटावर जातं, तिथून मार्कशीटवर, आणि व्हिसा एक्स्टेन्शनच्या वेळी पासपोर्टशी जुळत नाही. मग परीक्षा विभाग म्हणतो ॲफिडेव्हिट आणा. मुलगा स्टॅम्प पेपर म्हणजे काय हे विचारत फोर्टमध्ये फिरतोय आणि आपण इकडे कंट्रोलर ऑफ एक्झाम्सच्या केबिनबाहेर उभे. एकदा का आयटीवाल्याला पटवून तो रकाना ऑप्शनल करून घेतलास ना, तर दहा फूड फेस्टिव्हलपेक्षा मोठं काम झालं समज.

घर शोधणं तर विचारूच नको. एका इथिओपियन मुलाला घेऊन चेंबूरच्याच एका सोसायटीत गेले होते, सेक्रेटरी काकांनी त्याच्याकडे न बघता मला विचारलं, “नॉनव्हेज खाणार का हो हे?” तो ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन. त्यांच्यात बुधवार-शुक्रवार उपास, ईस्टरच्या आधी जवळजवळ दोन महिने सलग उपास, मांस-मच्छी-अंडं-दूध काही नाही, वर्षातले निम्मे दिवस तसेच जातात. म्हटलं काका, आपण श्रावण कसाबसा पाळतो. काका हसले, फ्लॅट मात्र दिला नाही. शेवटी गोवंडी स्टेशनजवळ मिळाला.

दादरचा_दगडू:
कर्जत ताईंचं सगळं खरं, पण पोस्ट का काढतात तेही ऐक. एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-विद्यापीठ रँकिंगमध्ये, रीजन डायव्हर्सिटीला (मुलं कुठकुठून येतात) ३० मार्क आहेत, त्यातले २५ परराज्यातल्या मुलांचे आणि ५ परदेशी. त्यासाठी फोटो लागतात, रिपोर्ट लागतो, नॅकची (कॉलेज-विद्यापीठांना ग्रेड देणारी संस्था) टीम आली की दाखवायला माणूस लागतो. म्हणजे तू. आमच्याकडे वर्षातून एकदा इंटरनॅशनल डे, स्टेजवर त्याच चार मुलांना वेगवेगळे फेटे बांधून पुढून मागून फोटो काढतात. मुलं पण वैतागतात, एक केनियाची मुलगी सरळ म्हणाली सर मी अकाउंट्स शिकायला आलेय, ढोल वाजवायला नाही. जॉब घे, पण आधी पगार बघ.

भामरागड_एक्सप्रेस:
मी विद्यार्थी म्हणून लिहितो. मी गडचिरोलीचा, घरी माडिया ही आदिवासी भाषा बोलतात, मुंबईत शिकायला आलो तेव्हा मराठी शाळेपुरती येत होती आणि इथली फास्ट मराठी तर वेगळीच. माझ्याकडे पासपोर्ट नव्हता म्हणून मी कुठल्याच सेलचा नव्हतो. मल्टिकल्चरल म्हटलं की सगळ्यांना विमानाने आलेले दिसतात, एसटीने आलेले नाही. बरं आठवण झाली तीही ट्रॅडिशनल डेला, एक मॅडम म्हणाल्या तुझा तो आदिवासी ड्रेस घालून ये ना. आमच्याकडे मी जीन्सच घालतो मॅडम.

उपयोग कोणाचा झाला सांगू का, स्कॉलरशिप विभागातल्या एका क्लार्क बाईंचा. हॉस्टेल मिळालं नव्हतं. आदिवासी (एसटी) मुलांना अशा वेळी राहण्या-जेवणाचा भत्ता देणारी स्वयंम योजना आहे हे मला त्यांनी सांगितलं, जातपडताळणीचा कागद कुठे अडकलाय ते फोन करून शोधलं, आणि दर सोमवारी लंचनंतर ये म्हणाल्या. त्या सोमवारी खरंच जागेवर असायच्या. माझ्यासाठी एंगेजमेंट तेवढीच.

नंतर हॉस्टेलला रूममेट नागालँडचा मिळाला. तो अखुनी करायचा, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, वास जबरी. विंगमधल्या पोरांनी कंप्लेंट केली, रेक्टर म्हणाले इंडक्शन जप्त. अरे पण कोळीवाड्यातला पोरगा घरून सुकट आणायचा आणि रविवारी भाजायचा तेव्हा सगळे भाकरी घेऊन लाइनीत! शेवटी स्टुडंट अफेअर्सच्या एका सरांनी मार्ग काढला, गच्चीजवळच्या पॅन्ट्रीत एक्झॉस्ट फॅन लावून घेतला आणि ज्याला काय वासाचं करायचंय त्याने रविवारी तिथे करायचं. कोणालाच लेक्चर दिलं नाही. त्या पॅन्ट्रीत मी पहिल्यांदा विंगमधल्या पोरांशी नीट बोललो. तुमच्या बजेटमध्ये झेंड्यांऐवजी एक फॅन बसवा ताई.

चेंबूरची_चिमणी:
बापरे, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. @भामरागड_एक्सप्रेस तुमची पोस्ट बाबांना वाचून दाखवली, ते गप्प बसले 😀 @कर्जत_लोकल ताई, मग सही करण्याआधी एचआरला काय विचारू? आणि रात्री-अपरात्री फोन येतात का हो?

कर्जत_लोकल:
येतात. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं तेव्हा आमची काही अफगाण मुलं सुट्टीला घरी गेलेली, त्यात भारताने आधी दिलेले व्हिसा रद्द करून ई-व्हिसा कंपल्सरी केला, आणि जी इथे होती त्यांना घरून पैसे येणं बंद. रात्री दोनला फोन, की मॅम मेसचं बिल भरलं नाही तर काढणार का. सांगायला माझ्याकडे काही अधिकारच नव्हता, रजिस्ट्रार सकाळी भेटणार. म्हणून पहिलं हेच विचार, बोनाफाईडवर सही कोण करणार आणि तो रजेवर असला तर कोण? फी किंवा मेस बिल पुढे ढकलायचा अधिकार कोणाला? इमर्जन्सी फंड आहे का, असला तर किती तासांत हातात येतो? हॉस्टेल, परीक्षा विभाग, अकाउंट्स, तिघांच्या मीटिंगला तुला बसवणार का? नाही म्हणाले तर समज तुझं काम मुलांचं ऐकून घेऊन “बघते हं” म्हणायचं. ते महिनाभर चालतं, मग मुलं यायची बंद होतात. आणि दार लागेल अशी खोली माग. आमच्याकडे आधी सेल झेरॉक्स मशीनशेजारी होता, रॅगिंगची तक्रार करायला आलेली मिझोरमची मुलगी लाइन बघून परत गेली. परराज्यातली आणि एसटी मुलंही तुझ्याच कक्षेत आहेत का, तेही लिहून घे, नाहीतर भामरागडकर म्हणतात तसंच होतं, इकडचे तिकडे ढकलतात आणि तिकडचे इकडे.

फूड फेस्टिव्हल करावाच लागेल गं, त्याला नाही म्हणू नकोस. फक्त तारीख बघून लाव. आमच्याकडे एकदा रमजानमध्ये दुपारी ठेवला होता वरच्यांनी.

दादरचा_दगडू:
😂 आणि ११ महिन्यांनंतर काय तेही विचार. एप्रिल-मेमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि रिन्यू व्हायला सप्टेंबर उजाडला तर जून ते ऑगस्ट नवीन मुलं येतात तेव्हा सेलमध्ये कोणीच नसतं. आमच्याकडे दर वर्षी हेच.

चेंबूरची_चिमणी:
मेल टाकला एचआरला, सही कोणाची, फंड, मीटिंग, खोली, सगळं लिहिलंय, कॉन्ट्रॅक्टची तारीख पण. उत्तर आलं की इथेच टाकते.

दादरचा_दगडू:
डीनला सीसी केलंस ना? नुसतं एचआर असेल तर उत्तर गणपतीनंतर.