मदत हवी आहे: लिनक्स मिंट (एक्सएफसीई डेस्कटॉप) – फाँट मोठा केला, पण काही ठिकाणी बारीकच, काही ठिकाणी मात्रा कापल्या जातात

बारीक_अक्षर:
लॅपटॉप १४ इंची, स्क्रीन १९२० × १०८०. लिनक्स मिंट, एक्सएफसीई ४.१८. मेनू आणि फाइलींची नावं वाचताना डोळे ताणावे लागतात, म्हणून सेटिंगमधल्या अपिअरन्स → फाँट्समध्ये डिफॉल्ट फाँट १० चा १४ केला. तरी पुढच्या अडचणी आहेत:
– खिडकीच्या शीर्षकपट्टीतली अक्षरं तेवढीच. तिथलाही फाँट १४ केला तर वेलांटी, रफार वरून कापले जातात. गंमत म्हणजे सगळ्या खिडक्यांत नाही, काहींतच.
– फायरफॉक्समध्ये इंग्रजी ठीक, मराठी पानं बारीक.
– विंडो स्केलिंग २एक्स (सगळंच दुप्पट) करून पाहिलं, तर सेटिंगच्या खिडक्या स्क्रीनबाहेर गेल्या आणि 'क्लोज'चं बटणच दिसेना.
– लॉगिन स्क्रीनवर काहीच फरक नाही.
सगळीकडे एकसारखं कसं करावं?

शिरोरेषा:
आधी केलेलं सगळं मागे घ्या. डिफॉल्ट फाँट पुन्हा १०, विंडो स्केलिंग १एक्स. बटण स्क्रीनबाहेर असेल तर ऑल्ट दाबून ठेवा, खिडकीत कुठेही माउसचं डावं बटण धरा आणि ती वर ओढा. शीर्षकपट्टी स्क्रीनच्या वर गेली तरी चालते.

आता कारण. फाँटचा आकार पॉइंटमध्ये असतो आणि त्याचे पिक्सेल किती करायचे ते डीपीआय (एका इंचात किती पिक्सेल धरायचे तो आकडा) ठरवतो. काही सांगितलं नसेल तर डेस्कटॉप ९६ धरून चालतो, म्हणजे १० पॉइंट = साधारण १३ पिक्सेल. तुमच्या स्क्रीनची खरी घनता इंचाला सुमारे १५७ पिक्सेल आहे. त्यामुळे जे अक्षर साडेतीन मिलिमीटरच्या मापाचं हवं, ते जेमतेम दोन-सव्वादोनचं पडतं. दोष फाँटचा नाही, या ९६ चा आहे.

अपिअरन्स → फाँट्स → 'कस्टम डीपीआय सेटिंग'वर टिक करा आणि १२० टाका. मग लॉगआउट करून पुन्हा लॉगिन. चालू असलेले सगळेच प्रोग्रॅम नवा आकडा लगेच उचलत नाहीत. कमी वाटलं तर १३२, फार तर १४४. थेट १५७ टाकू नका: हिशोबाने बरोबर असलं तरी बऱ्याच खिडक्या १०८० पिक्सेलच्या उंचीत मावत नाहीत. आणि डीपीआय वाढवल्यावर फाँटही १४ ठेवला तर दोन्हींचा गुणाकार होतो, हे विसरू नका.

विंडो स्केलिंगला पूर्ण आकडेच चालतात. २एक्स म्हणजे तुमच्याकडे जागा उरते ९६० × ५४० एवढीच, म्हणून बटणं बाहेर गेली. ती सोय फोर-के स्क्रीनसाठी आहे.

काना_मात्रा:
शीर्षकपट्टीबद्दल. एक्सएफसीईच्या विंडो मॅनेजरमध्ये (खिडक्यांच्या चौकटी सांभाळणारा भाग) पट्टीची उंची थीमच्या चित्रांवर ठरते, फाँटवर नाही. फाँट वाढला तरी पट्टी तेवढीच राहते. इंग्रजी अक्षरं त्यात कशीबशी बसतात, देवनागरीला शिरोरेषेच्या वरही जागा लागते, म्हणून पहिला बळी रफाराचा. काही प्रोग्रॅम आपली पट्टी स्वतःच रेखाटतात, ती फाँटबरोबर वाढते; तुम्हाला फक्त काही खिडक्यांत त्रास दिसतो तो यामुळे.

विंडो मॅनेजर → स्टाइलमध्ये 'डिफॉल्ट-एचडीपीआय' थीम घ्या, शीर्षकाचा फाँट १० वर ठेवा. दिसायला ती थीम तशी जुनाटच आहे, पण मात्रा शाबूत राहतात.

पॅनेलची (मेनू आणि घड्याळ असलेली पट्टी) रुंदी पिक्सेलमध्ये असते, तिला डीपीआयशी देणंघेणं नाही. पॅनेल प्रेफरन्सेसमध्ये 'रो साइज' ३२ ते ३६ करा. घड्याळाचा फाँट त्याच्या स्वतःच्या प्रॉपर्टीजमध्ये असतो. डेस्कटॉपवरच्या चिन्हांखालची नावं: डेस्कटॉप → आयकन्स → 'कस्टम फाँट साइज'.

बारीक_अक्षर:
१२० ने मेनू, फाइल मॅनेजर, लिबरऑफिसचे मेनू सगळं सुधारलं. शीर्षकपट्टीही. फायरफॉक्समध्ये 'फाँट्स → ॲडव्हान्स्ड'मध्ये देवनागरी निवडून किमान आकार १८ केला. एका बातम्यांच्या साइटवर फरक पडला, दुसरीवर अजिबात नाही. दोन्ही मराठीच.

शिरोरेषा:
फायरफॉक्स अक्षरं बघून ठरवत नाही, पानाने स्वतःची भाषा कोणती सांगितली आहे ते बघतो. पान मराठीत असूनही त्याच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी लिहिलेली असेल, तर त्याला लॅटिनची (इंग्रजीच्या लिपीची) सेटिंग लागते. असल्या मराठी साइट कमी नाहीत. त्याच खिडकीत 'लॅटिन' निवडून तिथेही किमान आकार द्या, पण १४–१५ च्या पुढे नको. नाहीतर पानांवरचे छोटे मेनू एकमेकांवर चढतात. एखाद-दुसऱ्या साइटचाच प्रश्न असेल तर कंट्रोल आणि अधिक चिन्ह पुरे, तो झूम त्या साइटपुरता लक्षात राहतो.

काना_मात्रा:
टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) जोडाक्षरं तुटलेली दिसली तर आकार वाढवत बसू नका. तिथे प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन मिळतो आणि देवनागरी त्यात नीट जुळत नाही. आकाराने ते सुटत नाही.

बारीक_अक्षर:
लॉगिन स्क्रीन राहिली.

शिरोरेषा:
ती तुम्ही लॉगिन करण्याआधी, वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालते. तुमच्या खात्यातली सेटिंग तिला दिसतच नाही. इटीसी फोल्डरमध्ये लाइटडीएम हा फोल्डर, त्यात 'स्लिक-ग्रीटर'ची (लॉगिन स्क्रीन दाखवणारा प्रोग्रॅम) कॉन्फ, म्हणजे सेटिंगची, फाइल. ॲडमिन म्हणून उघडा (नसेल तर तयार करा) आणि चौकटी कंसातल्या 'ग्रीटर' या ओळीखाली 'एक्सएफटी-डीपीआय'ची किंमत १२० लिहा. नावं अर्थातच इंग्रजी लिपीत, सगळी लहान अक्षरं, फक्त कंसातल्या ग्रीटरचा जी मोठा. आधी मूळ फाइलची प्रत काढून ठेवा. बदल पुढच्या लॉगआउटला दिसेल.